सावधपण हेच सामर्थ्य

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या जन्माला ३१ मे २०२५ रोजी तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने देशभर व्याख्याने झाली, शोभायात्रा निघाल्या, स्मरणिका प्रसिद्ध झाल्या. त्यांचे जन्मगाव चौंडी ज्या जिल्ह्यात आहे, त्या अहमदनगरचे नामांतर २०२४ मध्ये अहिल्यानगर असे झाले. त्याआधी २०२१ मध्ये काशीच्या विश्वनाथधामात त्यांचा पुतळा उभा राहिला. हे सारे उचितच झाले. किंबहुना फार उशिरा झाले. परंतु उत्सवाचे मांडव उतरल्यावर एक प्रश्न आपण स्वतःला विचारलाच पाहिजे. ज्या राज्यकर्तीने १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षे माळव्यासारख्या सदैव धगधगणाऱ्या प्रदेशात एक राज्य शांत, न्यायी आणि संपन्न राखले, तिच्या राज्यकारभाराविषयी आपल्याला नेमके काय ठाऊक आहे?

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येते: शुभ्र वस्त्र, हातात शिवलिंग, शांत मुद्रा. त्यापाठोपाठ मंदिरांची, घाटांची आणि धर्मशाळांची यादी येते. यादी संपली की व्याख्यान संपते. काशी, सोमनाथ, गया, वेरूळ ही नावे ऐकून श्रोते कृतार्थ होतात आणि घरी जातात. ही मंदिरे उभारण्यासाठी लागणारे द्रव्य कोठून आले, ते कोणत्या हिशेबातून खर्च झाले, परक्या अमलाखालील मुलखात हे बांधकाम कसे शक्य झाले, आणि एवढा दानधर्म करूनही रयतेवर कराचा बोजा का वाढला नाही, हे प्रश्न कोणी विचारत नाही. वस्तुतः अहिल्यादेवींचे मोठेपण या प्रश्नांच्या उत्तरांत आहे.

दोन प्रकारचा अन्याय

अहिल्यादेवींवर अन्याय दोन बाजूंनी झाला आहे. पहिला अन्याय आपल्या विद्यापीठांत दीर्घकाळ मिरवलेल्या डाव्या वळणाच्या इतिहासलेखनाचा. त्या लेखनाच्या दृष्टीने धर्मनिष्ठ हिंदू राज्यकर्ता ही मुळातच संशयास्पद गोष्ट. त्यामुळे अकबराची सहिष्णुता सांगायला प्रकरणेच्या प्रकरणे, आणि अहिल्यादेवींच्या वाट्याला ‘दानशूर, धार्मिक विधवा’ अशा दोन-चार ओळी. गंमत अशी की पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’मध्ये त्यांच्या कारकीर्दीचा गौरवाने उल्लेख केला आहे, परंतु नेहरूंचे नाव उठता-बसता घेणाऱ्या विद्वानांना ते पान कधी उघडावेसे वाटले नाही. सर जॉन माल्कम हा तर इंग्रज सेनानी. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरच्या रणांगणात होळकरांच्या फौजेचा पाडाव करणाऱ्यांत तो होता. पुढे माळव्याचा कारभार पाहताना त्याने ठिकठिकाणी चौकशी केली आणि १८२३ च्या आपल्या ग्रंथात अहिल्यादेवींच्या राज्यव्यवस्थेचे असे वर्णन केले की आजही अभ्यासकांना त्याच्याकडेच जावे लागते. चौकशी जितकी वाढत गेली तितका आपला आदर वाढत गेला, असे तो सांगतो. शत्रूला जे दिसले ते आमच्या प्राध्यापकांना दिसू नये, याला काय म्हणावे?

दुसरा अन्याय मात्र आपण केला आहे आणि तो बोलून दाखवणे अधिक आवश्यक आहे. आपल्याला पराक्रम म्हटला की घोडदौड, गडावरची चढाई आणि तलवारीचा खणखणाट आठवतो. ज्याने सीमा वाढवल्या तो थोर. ज्याने असलेल्या सीमेत सुराज्य केले तो केवळ सज्जन. या मापाने अहिल्यादेवींचा पराक्रम मोजता येत नाही, म्हणून आपण त्यांना देव्हाऱ्यात बसवले. देव्हाऱ्यात बसवलेल्या व्यक्तीकडून शिकावे लागत नाही, फक्त नमस्कार करावा लागतो. ही आपली सोय झाली. राष्ट्र सेविका समितीने मातृत्वासाठी जिजामाता, नेतृत्वासाठी राणी लक्ष्मीबाई आणि कर्तृत्वासाठी अहिल्यादेवी असे आदर्श डोळ्यांपुढे ठेवले, ते विचारपूर्वक ठेवले. कर्तृत्व हा शब्द तेथे आहे, भक्ती हा नाही, याकडे किती जणांचे लक्ष जाते?

समर्थ रामदासांनी दासबोधात प्रथम हरिकथा सांगितली, दुसरे राजकारण सांगितले आणि तिसरे सावधपण सांगितले, त्यानंतर साक्षेप. हा क्रम ध्यानात घेतला म्हणजे अहिल्यादेवींचे चरित्र उलगडते. हरिकथा आपण घेतली, राजकारणही अलीकडे बरेच घेतले. सावधपण मात्र वाटेत कोठेतरी सांडले. सावध म्हणजे अवधानासह असलेला. भित्रा संकट पाहून डोळे मिटतो. सावध मनुष्य ते येण्यापूर्वी पाहतो आणि त्याची किंमत आधी मोजून ठेवतो. या अर्थाने अहिल्यादेवी अठराव्या शतकातील सर्वांत सावध राज्यकर्त्यांपैकी एक होत्या.

रक्ताचा थेंब न सांडता

त्यांच्या वाट्याला आलेला काळ कसा होता? १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव तोफेच्या गोळ्याने गेले. सासरे मल्हाररावांनी त्यांना सती जाण्यापासून परावृत्त केले आणि कारभारात घातले. मल्हारराव मोहिमेवर असता त्यांनी सुनेला लिहिलेली पत्रे पाहावीत. १७६५ च्या पत्रव्यवहारात तोफखाना पुढे नेण्याच्या आणि दारूगोळ्याची व्यवस्था करण्याच्या आज्ञा आहेत. पूजाअर्चेत गुंतलेल्या विधवेला कोणी असे लिहीत नाही. १७६६ मध्ये मल्हारराव आलमपूरला निवर्तले. १७६७ मध्ये पुत्र मालेरावही गेला. खजिना भरलेला, मुलूख मोठा आणि घरात पुरुष वारस नाही, अशी ती अवस्था होती.

अशा वेळी लांडगे गोळा होतात. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तकाचा सल्ला दिला. दिसायला सल्ला धर्मसंमत होता. परंतु अहिल्यादेवींनी त्याचा अर्थ तत्काळ ओळखला. दत्तक म्हणजे अज्ञान बालक, बालकामागे दिवाण, आणि दिवाणामागे फौज घेऊन आलेले रघुनाथराव पेशवे. होळकरांची दौलत नावाला राहील आणि सत्ता दुसऱ्याच्या हाती जाईल, हे स्पष्ट होते.

त्यांनी काय केले? प्रथम, पुण्यास थोरल्या माधवराव पेशव्यांना लिहून आपला हक्क मांडला, कारण खरा निर्णय तेथे होणार हे त्यांना ठाऊक होते. दुसरे, शिंदे, भोसले, गायकवाड या सरदारांकडे पत्रे गेली. आज होळकरांवर आलेली पाळी उद्या कोणावरही येऊ शकते, हे त्यांना पटण्यासारखे होते. तिसरे, तुकोजीराव होळकरांच्या हाताखाली फौज क्षिप्रेकाठी सज्ज झाली. आणि चौथे, राघोबादादांकडे निरोप गेला. परंपरेने त्याचा आशय असा सांगितला जातो की स्त्रीशी लढून जिंकलात तर कीर्ती नाही, आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही. माधवरावांचा कौल अहिल्यादेवींच्या बाजूने आला. दादासाहेबांना आपण सांत्वनासाठी आलो आहोत असे सांगण्याची पाळी आली. रक्ताचा थेंब सांडला नाही आणि राज्य राहिले.

या प्रसंगाला आपण ‘बाणेदार उत्तर’ म्हणून सांगतो आणि टाळ्या घेतो. टाळ्यांचे धनी ते उत्तर नाही. त्याआधी लिहिलेली पत्रे, जमवलेले मित्र आणि क्षिप्रेकाठी उभी केलेली फौज यांच्या बळावर ते उत्तर देता आले. तयारीवाचून बाणेदारपणा हा केवळ वाचाळपणा ठरतो.

सत्तेची वाटणी, खजिन्याची नव्हे

त्यानंतरची व्यवस्था अधिक विचार करण्याजोगी आहे. तुकोजीराव हे होळकर घराण्याचे जवळचे रक्तसंबंधी नव्हेत. परंतु मल्हाररावांच्या हाताखाली वाढलेले, अनुभवी आणि निष्ठावान. त्यांच्याकडे सेनापतीपद गेले, पेशव्यांकडून त्यांना वस्त्रे मिळाली. वयाने मोठे असूनही ते अहिल्यादेवींना मातुःश्री म्हणत. मोहिमा, खंडणी, हिंदुस्थानातील आणि दक्षिणेतील स्वाऱ्या तुकोजीरावांकडे. माळवा-निमाडचा महसूल, न्याय, खजिना आणि परराज्यांशी व्यवहार अहिल्यादेवींकडे. तलवार दुसऱ्याच्या हाती देताना त्यांनी तिजोरीची किल्ली आपल्या कमरेला ठेवली.

पुणे, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, नागपूर, लखनौ, कलकत्ता या ठिकाणी त्यांचे वकील असत. पारसनीसांनी प्रसिद्ध केलेली ‘महेश्वर दरबारची बातमीपत्रे’ चाळली तर पुण्याच्या राजकारणातील घडामोडी नर्मदेकाठी कशा पोहोचत होत्या हे कळते. ज्याला बातमी आधी कळते त्याला फौज थोडी लागते, हे राजकारणाचे साधे सूत्र आहे.

अधिकाऱ्यांच्या बाबतीतही त्यांचे धोरण असेच. गोविंदपंत गानू हे आरंभापासून शेवटपर्यंत त्यांचे कारभारी राहिले. इंदूरचा एक कमाविसदार वीस वर्षांहून अधिक काळ त्या जागी होता, असे माल्कमने नमूद केले आहे. त्या काळी अनेक दरबारांत मामलती लिलावासारख्या दिल्या जात. जो जास्त रक्कम आगाऊ भरील त्याला परगणा. मग तो वर्षभरात ती रक्कम दामदुपटीने रयतेकडून काढणार. अहिल्यादेवींनी माणसे पारखून नेमली आणि टिकवली. ज्याला उद्या येथेच राहायचे आहे तो आज झाड तोडत नाही. शेतसारा माफक होता, पाटील-वतनदारांचे हक्क जपले जात, आणि तक्रार घेऊन येणाऱ्याला दरबारात प्रत्यक्ष उभे राहता येई. पडद्याआड न बसता त्या दररोज दुपारपासून कामकाज पाहत आणि रात्री पुन्हा काही वेळ कागदपत्रांना देत.

एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. इंदूरचा एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. तुकोजीरावांची छावणी जवळच होती आणि फौजेला पैशाची निकड तर नेहमीचीच. मृताच्या संपत्तीत सरकारचा वाटा घेण्याचा विचार झाला. त्या काळच्या रीतीला ते धरूनही होते. विधवेने महेश्वर गाठले. अहिल्यादेवींनी तिला वस्त्रे देऊन घराची एकमेव मालकीण म्हणून मान्यता दिली आणि तुकोजीरावांना आज्ञा झाली की इंदूरपासून दूर कूच करावे, शहरास उपद्रव देऊ नये. आपल्याच सेनापतीला, तेही पैशाच्या अडचणीत असलेल्या सेनापतीला, एका विधवेसाठी मागे हटवणे ही केवळ दया नव्हती. त्या दिवशी माळव्यातल्या प्रत्येक सावकाराला, व्यापाऱ्याला आणि विणकराला कळले की महेश्वरच्या राज्यात आपली मिळकत आपलीच आहे. एका लहानशा गावाचे इंदूर हे संपन्न नगर झाले ते अशा विश्वासावर. महेश्वरात विणकर वसले, त्यांची लुगडी दूरदूर जाऊ लागली. महेश्वरी साडी आजही बाजारात आहे. राज्य संपले, पण ज्या उद्योगाला त्या राज्याने आश्रय दिला तो टिकून आहे.

भिल्लांच्या प्रश्नातही हेच धोरण दिसते. विंध्य-सातपुड्याच्या घाटवाटांवर लूटमार होई. प्रथम सामोपचार झाला. तो चालेना तेव्हा दंडही कठोर झाला. म्होरक्यांना देहान्त शिक्षा झाल्या. परंतु केवळ दंडावर त्या थांबल्या नाहीत. भिल्लांचा वाटसरूंकडून अल्प कर घेण्याचा जुना हक्क, ‘भिलकवडी’, त्यांनी मान्य केला आणि त्याच्या मोबदल्यात वाटेच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. चोरी झाली तर जाब त्यांनी द्यायचा. काल जे वाट अडवीत होते तेच आज वाटेचे रखवालदार झाले. वनवासी समाजाला तुच्छ लेखणारे आणि त्याला भडकावून आपले राजकारण साधणारे, अशा दोघांनाही या व्यवस्थेपासून शिकण्यासारखे आहे.

मंदिरे: भक्तीचे राजकारण नव्हे, भक्तीचा हिशेब

आता त्या मंदिरांच्या यादीकडे वळू. अहिल्यादेवींच्या दानधर्माचा पैसा सरकारी खजिन्यातून जात नसे. होळकरांच्या दौलतीत ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन विभाग होते. १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना मिळालेल्या खासगीच्या जहागिरीचा वारसा अहिल्यादेवींकडे आला. मंदिरे, घाट, अन्नछत्रे, विहिरी, धर्मशाळा यांचा खर्च या खासगीतून. फौज आणि कारभाराचा खर्च दौलतीतून. दोन्हींचे हिशेब काटेकोर. देवाच्या नावाने रयतेच्या पैशाला हात लावायचा नाही, हा दंडक त्यांनी स्वतःवर घातला होता. आज देवस्थानांच्या उत्पन्नावर सरकारे डोळा ठेवतात आणि त्यालाच सेक्युलर शासन म्हणतात. अहिल्यादेवींची रीत याच्या नेमकी उलट होती: सरकारने देवाचे घेऊ नये आणि देवासाठी रयतेचे घेऊ नये.

दुसरी गोष्ट स्थळांची. काशी, गया, सोमनाथ, हरिद्वार, रामेश्वर यांपैकी कोणतेही स्थान होळकरांच्या अमलाखाली नव्हते. मग ही कामे झाली कशी? काशीचेच पाहा. १६६९ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने विश्वेश्वराचे मंदिर पाडले गेले. १७४२ मध्ये मल्हाररावांनी फौजेच्या बळावर ते स्थान सोडवण्याचे मनात आणले, तेव्हा काशीच्या ब्रह्मवृंदानेच पुण्याला विनवले की असे होऊ देऊ नका. फौज निघून जाईल आणि नबाबाचा कोप आमच्यावर होईल. शूर सरदाराला जे जमले नाही ते त्याच्या सुनेने केले. तिने वेळ ओळखली. १७७५ मध्ये काशी अयोध्येच्या नबाबाकडून कंपनीच्या वर्चस्वाखाली गेली. परिस्थिती बदलली होती. मूळ स्थानालगतची जागा, वकिलांची शिष्टाई आणि स्वतःचे द्रव्य यांच्या बळावर १७८० पर्यंत विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे राहिले. एकशे अकरा वर्षांची जखम एकही प्राण न घेता भरून निघाली.

सोमनाथचे बांधकाम १७८३ चे. मूळ भग्न देवालयापासून थोड्या अंतरावर त्यांनी नवे मंदिर बांधले आणि मुख्य शिवलिंग तळघरातील गाभाऱ्यात स्थापिले. उद्या पुन्हा आक्रमक आला तर देवाचे रक्षण कसे होईल, याचा विचार पाया खणतानाच झाला होता. ज्यांना अहिल्यादेवींची भक्ती भाबडी वाटते त्यांनी त्या तळघरात उतरून यावे. गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ चे, तेही कंपनीच्या अमलातील. हिमालयापासून रामेश्वरापर्यंत पसरलेली ही कामे पाहिली म्हणजे लक्षात येते की या देशाची एकात्मता इंग्रजांच्या रेल्वेने निर्माण झाली, हा सिद्धान्त किती पोकळ आहे. रेल्वे येण्यापूर्वी सत्तर वर्षे नर्मदेकाठच्या एका राज्यकर्तीला संपूर्ण भरतखंडाचा नकाशा तीर्थस्थानांच्या रूपाने पाठ होता.

आणि ही धर्मनिष्ठा कोणाच्या मुळावर आली काय? आपल्याहून वेगळ्या उपासनेच्या प्रजेशी त्या विशेष आपुलकीने वागत, अशी साक्ष माल्कम देतो. निजाम आणि टिपू यांच्यासारखे परधर्मीय सत्ताधीशही पेशव्यांइतकाच त्यांचा आदर करीत. स्वधर्मावर दृढ असणाऱ्याला परधर्मीयाचे भय वाटत नाही आणि त्याचा द्वेषही करावा लागत नाही. ‘हिंदू राज्य म्हणजे अल्पसंख्याकांवर संकट’ असा घोष करणाऱ्यांनी महेश्वरचा कारभार अभ्यासावा. अट एवढीच की अभ्यासापूर्वी निष्कर्ष लिहून ठेवू नये.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

अहिल्यादेवींवर दोन आक्षेप घेतले जातात आणि ते टाळून जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिला आक्षेप: दानधर्मात गेलेला पैसा फौजेवर खर्च झाला असता तर? याचे उत्तर माल्कमच्या ग्रंथातच मिळते. त्यात नोंदवलेल्या एका मतानुसार दानधर्माच्या दुप्पट रक्कम फौजेवर खर्चूनही त्यांना जी शांतता लाभली ती लाभली नसती. कारण त्यांच्या मुलखावर चालून जाणे हे समकालीन राजांना पापासारखे वाटे. तरीही ही शांतता निःशस्त्र नव्हती. रामपुऱ्याच्या चंद्रावतांनी १७८७ नंतर, उत्तरेत मराठ्यांची पीछेहाट होताच उठाव केला, तेव्हा तो विनाविलंब आणि कठोरपणे मोडला गेला. ज्याला क्षमा करायची आहे त्याच्याजवळ शिक्षेचे बळ असावे लागते, हे त्यांना सांगावे लागले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. हे राज्य एवढे स्थिर होते, तर त्यांच्यामागे ते का टिकले नाही? १३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्यादेवी गेल्या. १७९७ मध्ये तुकोजीराव गेले आणि त्यांच्या पुत्रांत कलह माजला. १८०१ मध्ये, म्हणजे केवळ सहा वर्षांत, शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले. ज्या शहरातून स्वतःच्या सेनापतीलाही दूर जाण्याची आज्ञा झाली होती, त्याची राखरांगोळी मराठी फौजेनेच केली. १८०२ मध्ये पुण्यापाशी मराठ्यांनी मराठ्यांचे रक्त सांडले, वर्षअखेरीस वसईचा तह झाला. यशवंतराव होळकरांचे शौर्य निर्विवाद आहे. १८०४ मध्ये मॉन्सनच्या इंग्रज फौजेची त्यांनी जी दाणादाण उडवली ती आपल्या अभिमानाचा विषय आहे. पण त्या शौर्यामागे भरलेला खजिना नव्हता, शांत मुलूख नव्हता, विश्वासू मित्र नव्हते. लुटीवर फौज पोसावी लागत होती. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि होळकरांचे स्वातंत्र्य संपले.

यावरून काय सिद्ध होते? सावधपणा निरुपयोगी होता, असे नव्हे. सावधपणा सोडल्याबरोबर शौर्यही वाया गेले, हे सिद्ध होते. मात्र दोष एक राहतोच आणि तो मान्य केला पाहिजे. अहिल्यादेवींनी उभारलेली व्यवस्था त्यांच्या व्यक्तिमत्त्वावर फार विसंबून होती. फौज आणि खजिना यांच्यातील ताण त्यांच्या नैतिक अधिकाराने आवरला जात होता. त्यांच्यामागे तो आवरणारे कोणी नव्हते. कवायती पलटणींचे युग आले होते आणि १७९३ मध्ये लाखेरीला शिंद्यांच्या अशाच पलटणींपुढे होळकरांची फौज हटली, तेव्हा सुधारणेला उशीर झाला होता. पुत्र गेलेला; १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि कन्या मुक्ताबाई सती गेली. वारस घडवण्याची संधी नियतीने त्यांच्यापासून हिरावून घेतली. पण ज्यांच्यावर अशी आपत्ती आलेली नाही, त्यांना ही सबब सांगता येणार नाही.

आपण काय घेणार?

येथे हा विषय इतिहासाचा न राहता आपला होतो. आज हिंदू समाजाला आत्मविश्वास आला आहे आणि त्याच्या विचारांच्या लोकांकडे अनेक ठिकाणी सत्ताही आली आहे. सत्ता मिळवण्यासाठी शौर्य लागते. ती पचवण्यासाठी सावधपण लागते. अहिल्यादेवींच्या आज्ञापत्रांवर श्रीशंकराचे नाव असे. राज्य शिवाचे, आपण विश्वस्त, ही भावना त्यामागे होती. आज साध्या बसथांब्यावरही लोकप्रतिनिधीचे छायाचित्र असते आणि जनतेच्याच पैशाने दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचे नाव छापलेले असते. यात पक्षापक्षांत फरक फारसा उरलेला नाही, हे सांगताना संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. व्यासपीठावर अहिल्यादेवींना पुष्पहार आणि फलकावर स्वतःचा चेहरा, ही विसंगती आपल्या माणसांना तरी जाणवली पाहिजे.

हिशेबाचेही तसेच. ज्या खासगीचे हिशेब त्यांनी डोळ्यांत तेल घालून सांभाळले, त्याच खासगीच्या मालमत्तांच्या विक्रीचा वाद, हरिद्वारच्या कुशावर्त घाटासह, न्यायालयात गेला आणि त्यावर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. घाट बांधणाऱ्याने अडीचशे वर्षांचा विचार केला; सांभाळणाऱ्यांना पन्नास-साठ वर्षांचाही विचार करता आला नाही. दोष एका-दोघांवर ढकलून मोकळे होता येणार नाही. आपल्या गावातील देवस्थानाचा, शाळेचा, पतपेढीचा, संस्थेचा वार्षिक ताळेबंद आपल्यापैकी किती जण वाचतात? सभेत हात वर करून हिशेब मागणाऱ्याला आपण कार्यकर्ता मानतो की विघ्नसंतोषी?

आणि माणसे घडवण्याचे काय? गोविंदपंत गानूंसारखा कारभारी अठ्ठावीस वर्षे टिकला, कारण त्याला टिकू दिले. आपण एखाद्या कामावर चांगला मनुष्य नेमतो आणि दोन वर्षांत त्याला दुसरीकडे पाठवतो. किंवा उलट, एकाच व्यक्तीवर सारे काम टांगून ठेवतो आणि ती गेली की काम जमीनदोस्त होते. १७९५ नंतरच्या सहा वर्षांचा इतिहास प्रत्येक शाखेच्या, प्रत्येक संस्थेच्या कार्यकर्त्याने यासाठी वाचावा. उत्तम व्यक्ती असणे पुरत नाही. ती नसताना चालेल अशी रीत घालून द्यावी लागते. अहिल्यादेवींना जे साधता आले नाही ते आपल्याला साधायचे आहे, आणि ते साधल्याशिवाय त्यांच्या जयजयकाराचा आपल्याला अधिकार नाही.

पुढील ३१ मे रोजी पुन्हा शोभायात्रा निघतील, अवश्य निघाव्यात. घराघरांतील मुलामुलींना काशीच्या मंदिराची कथा सांगावी, तशी इंदूरच्या त्या विधवेचीही सांगावी. भिल्लांच्या भिलकवडीची सांगावी, सोमनाथच्या तळघराची सांगावी आणि खासगीच्या वेगळ्या हिशेबवहीची सांगावी. तलवारीने राज्य मिळते, हे आपल्या मुलांना सांगावे लागत नाही. ते त्यांना चित्रपट सांगतात. मिळालेले राज्य हिशेबाने, न्यायाने आणि अखंड अवधानाने राखावे लागते, हे सांगणारे आपल्याशिवाय दुसरे कोणी नाही.